आजीचा ल चुकीचा आहे का?

चिमणे,

माझ्या स्क्रीनवर तू चिकटवलेली पिवळी चिठ्ठी सकाळी दिसली. ‘आई, आजीचा ल चुकीचा आहे का? ताईंनी लाल केलाय.’ शेजारी शनिवारच्या मराठी वर्गाची वही उघडी, आणि तुझ्या नावातल्या श आणि ल या दोघांभोवती लाल गोल. तू शाळेत गेली होतीस, म्हणून उत्तर लिहून ठेवतेय. नाहीतरी संध्याकाळी मी दमलेली असते आणि तू वाद घालतेस.

आधी निकाल सांगते. आजीचा ल बरोबर आहे.

ताईंचाही बरोबर आहे, फक्त त्यांनी तुझ्यावर लाल पेन चालवायला नको होतं. वर्गात जे पुस्तक वापरतात ते मुळात हिंदी शिकणाऱ्या मुलांसाठी आहे. त्यातल्या ल च्या उजव्या अंगाला शिरोरेघेपासून तळापर्यंत सरळ दंड असतो. आजीच्या ल ला तो नाही. वरून एक छोटी रेघ उतरते आणि तिच्या दोन्ही बाजूंना पाकळ्या फुटतात. याला म्हणतात पाकळीचा ल, आणि आजी लिहिते तो देठाचा श. नोव्हेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र शासनाने शासन निर्णय काढून मराठीसाठी हीच दोन रूपं ठरवून दिली. पण तुझी आजी काही शासन निर्णय वाचून लिहीत नाही. तिला तिच्या शाळेतल्या गुरुजींनी पाटीवर जसं गिरवायला लावलं, तसं ती आजवर लिहिते.

अक्षराच्या ठेवणीला आपल्याकडे ‘वळण’ म्हणतात. माणसाच्या वागण्यालाही तोच शब्द. मी लहानपणी पसारा केला की आई म्हणायची, ‘काही वळण आहे का या मुलीला!’ आणि माझी वही बघूनही हेच म्हणायची. तेव्हा ती कशाबद्दल बोलतेय ते पुष्कळदा कळायचं नाही. माझे आजोबा, म्हणजे तुझे पणजोबा, मोडी लिहायचे. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग तिच्यावर अक्षरं दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी टांगत जायचं. ती पानं मला अजून नीट वाचता येत नाहीत. डिझायनर असून येत नाहीत, हे आजीला सांगू नकोस.

आता हे ट्रेनमध्ये लिहितेय, वेम्बली पार्कच्या पुढे, उभ्यानं. समोर स्टेशनांच्या नावांची पट्टी आहे. ही अक्षरं एडवर्ड जॉन्स्टन या माणसानं १९१६ मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी घडवली. छोट्या आयच्या डोक्यावरचा ठिपका नीट बघ, तो गोल नाही, शंकरपाळीसारखा आहे! शंभर वर्षांहून जास्त काळ या शहरानं ती शंकरपाळी सांभाळली आहे. अक्षरं थोडीफार सुधारली, पण तो ठिपका तसाच ठेवला. त्याला कुणी लाल गोल केला नाही.

माझं काम काय, असं तू मैत्रिणींना सांगताना ‘आई रंग निवडते’ म्हणतेस. तसं थोडं आहेही. काल दीड तास एका बटणाचे कोपरे किती गोल असावेत यावर चर्चा झाली आणि शेवटी ते होते तसेच राहिले. पण गेल्या वर्षी एक मजेशीर काम आलं होतं. एक सूचनाफलक अनेक भाषांत करायचा होता, त्यात मराठीही होती. छापायला जायच्या आधी माझ्या सहकाऱ्यानं विचारलं, ‘ठीक दिसतंय ना?’ मी बघितलं तर अक्षरं सांडली होती. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे उभी राहायची, ती उजवीकडे जाऊन बसलेली. क्ष चे दोन तुकडे. सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिपी जुळवायची सोय चालूच केली नव्हती. त्याला ते नक्षीसारखं सुंदर वाटलं होतं, बिचाऱ्याला. मी ते सगळं पुन्हा लावलं.

तुझ्या टॅबवर ल दंडाचा का दिसतो, त्याचं कारणही यातच आहे. कॉम्प्युटरला ल हे एकच अक्षर माहीत असतं, एकाच क्रमांकाचं. तो कसा दिसावा हे फॉन्ट ठरवतो. काही फॉन्टांत दोन्ही वळणं असतात, पण मजकूर मराठी आहे असं सांगितलं तरच पाकळीचा ल बाहेर येतो. सांगितलं नाही तर बहुतेक वेळा दंडाचाच. म्हणजे आजीनं टाइप केलेला ‘लाडू’ तुझ्यापर्यंत येईतो वेगळ्या वळणाचा होतो. आजीला त्याचा पत्ताही नसतो.

आणि हे फक्त दिसण्यापुरतं नसतं. आपलं गाव सातारा, पण जायचं ‘साताऱ्याला’. त्या ऱ्या मधला चंद्रकोरीसारखा र बघ. तो नीट आला नाही तर अर्थ बदलतो. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. आजीच्या गच्चीवरून दिसतात त्या दऱ्या. दर्या बघायचा तर घाट उतरून कोकणात जावं लागतं.

देवाणघेवाणही झालीय, बरं का. ताईंच्या पुस्तकात अ, झ आणि ण ज्या वळणाचे आहेत, त्याला मुंबईचं वळण म्हणतात. उत्तरेकडे पूर्वी ही तिन्ही अक्षरं वेगळी छापायचे. पुढे हिंदीनं आपली घेतली. हे ताईंना सांगायचं असेल तर नम्रपणे सांग. मी ओळखते तुला.

दुपारी एकला आईला फोन केला. इथे एक म्हणजे तिकडे सध्या साडेसहा. ती देवापुढे दिवा लावून नुकतीच बसली होती. घड्याळं पुढे गेली की हीच वेळ साडेपाचची होते आणि मग ती चहा पीत बोलते. तिला तुझा प्रश्न सांगितला. आधी हसली, मग गप्प झाली. मग म्हणाली, ‘माझं अक्षर वाईट आहे का गं?’ मी जेवणाचा डबा बाजूला ठेवून पंधरा मिनिटं तिला शासन निर्णय समजावत बसले.

तिनं दिवाळीच्या खोक्यात तुझ्यासाठी जी चिठ्ठी पाठवली होती, ती माझ्या टेबलाच्या वरच्या खणात आहे. सगळ्यात वर मधोमध ‘श्री’ आहे. ते ती किराणा सामानाच्या यादीवरही लिहिते. खाली ‘चि.’ आणि मग तुझं नाव. चि. म्हणजे चिरंजीव, खूप जगणारी. चिठ्ठी काढलीस तर परत तिथेच ठेव. तिच्यातला ल आणि वहीतला तुझा ल एकमेकांशेजारी ठेवून बघ. तुझ्या उजव्या पाकळीला अजून पोट कमी पडतंय, तेवढं मात्र सुधार.

ताईंचा लाल गोल मी खोडलेला नाही. शेजारी पेन्सिलीनं ‘मराठी वळण’ एवढंच लिहिलंय. वही दप्तरात भरली आहे.

तुझी,
आई