निवडणुकीतलं आश्वासन पाळलं नाही तर नेत्याला कोर्टात खेचता येतं का?

जाहीरनामा घेऊन कोर्टात गेलात तर हात हलवत परत याल, आश्वासन मोडणं गुन्हा आहे असा कायदाच नाही. सरकारनं संविधानातलं कर्तव्य टाळलं तर ते वेगळं, त्यासाठी संविधानाच्या कलम २२६ खाली हायकोर्टात रिट, म्हणजे सरकारला आदेश द्या असा अर्ज, टाकता येते अन् आपलं नागपूर खंडपीठ इथंच सिव्हिल लाईन्सला आहे. पण तुमचा प्रश्न वाचून मला आमचे भाऊजीच आठवले.

झालं असं, एका उमेदवारानं आमच्या लेआउटमधल्या मोकळ्या प्लॉटवर अभ्यासिका बांधून देतो म्हणून चक्क पत्रक छापलं, गुलाबी कागद, खाली हात जोडलेला फोटो. मी ते विम्याच्या फाईलीत ठेवलं. भाऊजी म्हणे, "काहून जपून राहिला बे, रद्दीवालाही घेणार नाही."

साहेब निवडून आले, पाच वर्षं गेली, प्लॉटवर गाजरगवत. पत्रक घेऊन त्यांच्या कार्यालयात गेलो तर तिथला पोरगा ते उलटसुलट करून मलाच विचारते, "काका, हे छापलं कोणी?" मग डोकं फिरलं. १० रुपयाचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात एकच विचारलं, या अभ्यासिकेसाठी साहेबांकडून निधीची शिफारस कोणत्या तारखेला झाली, पत्राची प्रत द्या. ३० दिवसांच्या आत उत्तर, "असे पत्र अभिलेखात आढळून येत नाही." म्हणजे फाईल वर अडली, वरून मंजुरी नाही असं जे इतकी वर्षं ऐकत होतो, ते मुळात मागितलंच नव्हतं राजेहो!

तर "का नाही केलं" विचारू नका, त्यावर भाषण मिळते. तारीख विचारा. भाऊजींचं एकच, मोर्चा काढा. अहो, नागपुरात दर हिवाळी अधिवेशनात यशवंत स्टेडियमवरून मोर्चे निघतात, टेकडी रोडला अडवतात, निवेदन घेतात, झालं. अन् संविधानाच्या कलम ३७१(२) मधून आलेलं, विदर्भाला विकासाचा बरोबर वाटा मिळतो का हे बघणारं विदर्भ विकास मंडळ ३० एप्रिल २०२० ला, ऐन लॉकडाऊनमध्ये, मुदत संपून गेलं तेव्हा आमच्या लेआउटमध्ये कोणाला पत्ताही नव्हता. भाऊजींना सांगितलं तर म्हणे, कोणतं मंडळ?

अभ्यासिका अजून झाली नाही, हेही सांगून टाकतो. रिटला वकील लागतो, पैसेही लागतात. पण साहेबांच्या पुढच्या सभेत मी त्या उत्तराच्या झेरॉक्स वाटल्या, अन् भाऊजींनी दोन मागून नेल्या.