जपानहून परत आलोय पण नाशकात मन लागत नाहीये

प्रश्न : ताई, मी ६ वर्षं नागोयाजवळ ऑटो पार्ट्सच्या कंपनीत होतो, बाबांच्या तब्येतीमुळे ८ महिन्यांपूर्वी नाशिकला परत आलो, आता अंबडला नोकरी आहे. घरचे खूश, माझंच काहीतरी बिनसलंय. द्वारका सर्कलला हॉर्न ऐकले की डोकं उठतं, ११ ची मीटिंग साडेअकराला, रविवारी न सांगता कोणीही बेल वाजवून येतं आणि आई म्हणते बस की जरा त्यांच्यात. परवा बायको चिडून म्हणाली, "मग तिकडेच राहायचं ना!" परत जाऊ का?
– एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : दादा, राग मानू नका पण वहिनींना किती वेळा "जपानमध्ये ना..." ऐकावं लागलं असेल याचा अंदाज आहे मला, मीपण योकोहामात ३ वर्षं काढून आलेय आणि आल्यावर कितीतरी दिवस फोनवर बोलताना कमरेत वाकायचे, भाजीवाल्या मावशी हसायच्या.

हॉर्नची सवय होते हो. तुम्हाला खरी टोचतेय ती रविवारची बेल. तिकडे आपण गाइजिन, म्हणजे परदेशी, कोणाच्या लग्नाला गेलो नाही, कोणाला दवाखान्यात बघायला गेलो नाही तरी कोणी विचारत नाही, आणि त्या निवांतपणाला आपण जपानची शिस्त समजून बसतो. तिथल्याच माणसाला विचारा, बॉसच्या आधी ऑफिसातून निघायची चोरी असते त्याला. कचरा चुकीच्या वारी ठेवला तर पिशवी स्टिकर लावून तिथेच सोडतात, येणारे जाणारे बघतात (माझी राहिली होती, दोनदा). इथे तुम्ही कोणाचे तरी भाचे, कोणाचे पुतणे, म्हणून बेल वाजते.

आईला स्पष्ट सांगा, रविवारी सकाळी ९ पर्यंत मी कोणाचाच नाही, आणि सोमेश्वरला नाहीतर गोदाकाठी एकटे जाऊन या. १० नंतर बेल वाजली तर चहा तुम्ही टाका, म्हणजे बसायचं पण टळतं! ओला-सुका कचरा वेगळा करून घंटागाडीत टाकायचं काम तुमच्याकडे घ्या, हात शिवशिवत असतीलच. द्वारका सर्कल आपल्या हातात नाही.

परत जायचं ते बाबांचं जरा स्थिरस्थावर झाल्यावर वहिनींना घेऊन बसून ठरवा. पण एक गोष्ट लगेच बघा, तिकडे पगारातून कापलेलं नेनकिन, म्हणजे पेन्शनचे पैसे. एकरकमी परत मागायचं तर जपानातला पत्ता रद्द झाल्यापासून २ वर्षांत अर्ज करावा लागतो, तुमचे ८ महिने गेलेत. त्यातून २०.४२ टक्के टॅक्स कापतात, तो तिकडे कोणाला तरी टॅक्स प्रतिनिधी नेमून परत मागता येतो, जुना सहकारी असेल तर त्याला विचारा. मात्र घाई नको, कारण १ ऑक्टोबर २०१६ पासून भारत-जपान करार लागू आहे, त्यात दोन्हीकडची वर्षं मिळून पेन्शनसाठी धरता येतात आणि एकरकमी पैसे उचलले की तिकडची वर्षं गेली. म्हणजे पुन्हा जायची थोडी जरी शक्यता असेल तर आधी तो विचार करा आणि मग फॉर्म भरा, फॉर्म इंग्रजीत पण असतो, पोस्टाने पाठवता येतो.