ओटीजीने (फोनला यूएसबी उपकरण जोडण्याच्या सोयीने) पोर्टेबल हार्डडिस्क जोडताच फोन तिला लगेच सोडून देतो. इंदूरमध्ये काय घ्यावे?

फोन आणि डिस्क यांच्यामध्ये स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब लावा; केबल बदलून फारसा फरक पडणार नाही. डिस्क जोडल्याक्षणी तिच्यातले रिकामे कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) एकदम करंट ओढतात, पाठोपाठ मोटर फिरू लागते. फोनचे व्होल्टेज कोसळते आणि तो पुरवठाच तोडतो. यूएसबी २.० च्या नियमांप्रमाणे जोडताना उपकरणाची कपॅसिटन्स १० मायक्रोफॅरडपर्यंतच हवी; जास्त असेल तर करंट हळूहळू चढवणारे सॉफ्ट-स्टार्ट सर्किट लागते. डिस्कची स्वस्त केस (बाहेरची पेटी) बनवणारे नेमकी तिथेच काटकसर करतात. जेल रोडवर हब घ्याल तेव्हा अडॅप्टरची पिन आहे ना ते बघा, नुसता चार तोंडांचा हब शेवटी फोनमधूनच करंट ओढतो. मात्र साधा पेनड्राइव्हही टिकत नसेल, तर दोष फोनच्या पोर्टमध्ये किंवा ओटीजी सेटिंगमध्ये शोधा.