कर्ज देणारा प्रोटोकॉल नव्या ब्लॉकचेनवर नेताना टेस्टनेटनंतर काय काय तपासावे?

तुमचा प्रश्न असा आहे: नाशिकच्या तुम्हा तिघांच्या चमूने कंपाउंड या कर्ज देणाऱ्या प्रोटोकॉलच्या (ब्लॉकचेनवर आपोआप चालणाऱ्या व्यवस्थेच्या) दुसऱ्या आवृत्तीचा मुक्त कोड ईव्हीएमशी, म्हणजे इथेरियमच्या कोड चालवणाऱ्या यंत्रणेशी, सुसंगत अशा एका नव्या नेटवर्कच्या टेस्टनेटवर (खऱ्या पैशांविना चालणाऱ्या चाचणी-नेटवर्कवर) उतरवला आहे, सर्व चाचण्या उत्तीर्ण होत आहेत, नेटवर्ककडून अनुदानही मंजूर झाले आहे, मग मेननेटवर, म्हणजे खऱ्या पैशांच्या नेटवर्कवर, जाण्यापूर्वी आणखी काय पाहावे? मीही नाशिकचाच असून स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट (ब्लॉकचेनवर आपोआप अमलात येणारे करारांचे कोड) तपासणे हा माझा व्यवसाय आहे. कोड चालतो हे तुम्ही दाखवले आहे. कर्ज बुडू लागले तर त्या नेटवर्कवर वसुली होईल का, हे मात्र तुमच्या वर्णनात कुठेच दिसत नाही. इथे जामीनदार नसतो आणि वसुली अधिकारीही नसतो. तारणाची किंमत घसरताच कोणीतरी त्रयस्थाने ते कर्ज फेडावे आणि तारण सवलतीत उचलावे, या एकाच व्यवस्थेवर ठेवीदारांचे पैसे अवलंबून असतात.

हा त्रयस्थ नफा दिसला तरच येतो. तुमच्याकडे लिक्विडेशनचे (अशा वसुलीचे) प्रोत्साहन ८ टक्के आणि एका वेळी फेडता येणारा कर्जाचा वाटा ५० टक्के असेल, तर ७० हजार डॉलरच्या कर्जात तो ३५ हजार भरतो आणि ३७,८०० डॉलरचे तारण घेतो. ते तारण विकताना बाजारभावच सरासरी साडेसात टक्क्यांनी खाली जात असेल, तर त्याच्या हाती काही उरत नाही आणि तो फिरकत नाही. म्हणून सर्वांत आधी त्या नेटवर्कच्या विकेंद्रित एक्सचेंजवर (मध्यस्थाविना कोडवर चालणाऱ्या बाजारात) प्रत्येक टोकन, म्हणजे डिजिटल नाणे, किती विकले असता भाव किती पडतो, याचा तक्ता तयार करा. कर्जाच्या सर्व मर्यादा त्या तक्त्यातून निघायला हव्यात. मूळ कोडमध्ये एकूण कर्जावर कमाल मर्यादा घालण्याची सोय आहे, एकूण ठेवीवर नाही. ती तुम्हाला स्वतः लिहावी लागेल.

भाव कुठून घेणार, हा याच प्रश्नाचा दुसरा भाग आहे. लासलगावच्या लिलावात कांद्याचा भाव कोणा एकट्याला मनासारखा ठरवता येत नाही, पण दोनच खरेदीदार असलेल्या आडबाजाराच्या भावावर कोणी कर्ज देऊ लागले तर तो भाव ‘तयार’ केला जाणारच. ऑक्टोबर २०२२ मध्ये सोलाना या ब्लॉकचेनवरील मँगो मार्केट्स या व्यवहारमंचावर हेच घडले: कमी उलाढालीच्या टोकनाचा भाव फुगवून त्याच्या तारणावर सुमारे ११ कोटी डॉलर काढून नेण्यात आले. नव्या नेटवर्कवर बहुतेक टोकनांची अवस्था अशीच असते. ज्या टोकनासाठी अनेक एक्सचेंजांचे भाव एकत्र करणारा विश्वासार्ह ओरॅकल (बाहेरचे भाव कोडला पुरवणारी सेवा) तिथे उपलब्ध नाही, ते तारण म्हणून घेऊच नका. नेटवर्क दुसऱ्या स्तरावरचे, म्हणजे दुसऱ्या ब्लॉकचेनच्या आधारावर चालणारे, असेल तर सिक्वेन्सर (व्यवहार क्रमाने लावणारा सर्व्हर) बंद पडून पुन्हा सुरू होतो तेव्हाचा विचारही लागतो. आवे या दुसऱ्या कर्ज-प्रोटोकॉलच्या तिसऱ्या आवृत्तीत अशा वेळी कर्जदाराला तारण वाढवण्यासाठी थोडी सवड देण्याची तरतूद आहे.

कोडमध्ये दोन जागा मी स्वतः उघडून पाहीन. पहिली व्याजदराची. कंपाउंडच्या त्या आवृत्तीत वर्षाचे ब्लॉक २१,०२,४०० धरलेले आहेत, म्हणजे दर १५ सेकंदांना एक. तुमच्या नेटवर्कवर दर दोन सेकंदांना ब्लॉक होत असेल आणि हा आकडा तसाच राहिला, तर कर्जदाराला साडेसातपट व्याज लागेल. टेस्टनेटवर कोणी वर्षभराचे व्याज मोजत नाही, त्यामुळे चाचण्या उत्तीर्ण होत राहतात.

दुसरी जागा अधिक घातक आहे. नवा बाजार, म्हणजे एका टोकनाच्या ठेवी-कर्जांचा कप्पा, रिकामा असताना हल्लेखोर नगण्य ठेव ठेवतो, मग मोठी रक्कम ठेव म्हणून न भरता थेट कॉन्ट्रॅक्टच्या पत्त्यावर पाठवतो. त्यामुळे ठेवीच्या एका सूक्ष्म एककाची किंमत अफाट फुगते; तिच्या तारणावर तो इतर बाजारांतील पैसे कर्जाऊ उचलतो आणि भागाकारातील पूर्णांकनाचा फायदा घेऊन पाठवलेली रक्कमही परत काढतो. एप्रिल २०२३ मध्ये हंड्रेड फायनान्सचे सुमारे ७० लाख डॉलर असेच गेले. त्यानंतर वर्षभराने, मे २०२४ मध्ये, सोने (Sonne) फायनान्सचे सुमारे दोन कोटी डॉलर गेले. दोन्ही ऑप्टिमिझम या नेटवर्कवर आणि दोन्ही याच कोडच्या नकला. सोने फायनान्सच्या बाबतीत नवा बाजार उघडण्याचे आणि त्याला तारणमूल्य (ठेवीच्या किती टक्के कर्ज मिळेल तो आकडा) देण्याचे व्यवहार दोन दिवसांच्या टाइमलॉकमध्ये (बदल अमलात येण्याआधीच्या सक्तीच्या प्रतीक्षेत) सर्वांना दिसत होते, आणि मुदत संपताच ते कोणालाही चालवता येत होते. यावर उपाय स्वस्त आहे: बाजार उघडणे, थोडी ठेव भरून ती कायमची अडकवणे आणि त्यानंतरच तारणमूल्य लागू करणे, हे सारे एकाच व्यवहारात करा.

ब्रिजबद्दल, म्हणजे एका ब्लॉकचेनवरची टोकने दुसरीवर नेणाऱ्या यंत्रणेबद्दल, एवढेच, की त्याची जोखीम तुमच्या कोडच्या ऑडिटने कमी होत नाही. जून २०२२ मध्ये हार्मनी या ब्लॉकचेनचा ब्रिज फुटून सुमारे १० कोटी डॉलर गेले, तेव्हा आवेच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये दोष नसतानाही तिथल्या टोकनांमागचा आधार नाहीसा झाला आणि बाजार गोठवावा लागला. करांचे आणि मार्च २०२३ पासून आभासी मालमत्तांच्या व्यवहारांना लागू झालेल्या पीएमएलए या मनी लाँडरिंगविरोधी कायद्याचे प्रश्न कोडच्या आधी जाणकार सनदी लेखापालाकडे न्या.

तुमच्या जागी मी सुरुवातीला दोनच बाजार उघडेन, नेटवर्कचे मूळ टोकन आणि एक स्टेबलकॉइन (डॉलरसारख्या चलनाशी भाव बांधलेले नाणे), आणि तेही शक्यतो ज्याचा जारीकर्ता त्या नेटवर्कवर थेट नाणी काढतो असे. लिक्विडेशनचा बॉट (आपोआप वसुली करणारा प्रोग्राम) स्वतः चालवेन, कारण पहिल्या दिवशी दुसरे कोणी येण्याची शक्यता कमी असते. अनुदानाच्या अटींत एकूण ठेवीचे उद्दिष्ट असते का, हे आवर्जून वाचा. तसे असेल तर ते तुम्ही काढलेल्या मर्यादांशी जुळवून मागा, आणि नेटवर्कने नकार दिला तर अनुदान सोडून द्या.