सगळ्यांची कामं वेळेवर, स्वतःचं मात्र उद्यावर

समुपदेशनासाठी माझ्याकडे येणारे पुष्कळजण पहिल्याच भेटीत म्हणतात, ‘मला फक्त शिस्त लावून द्या, बाकी मला काही झालेलं नाही.’ परीक्षेचा अभ्यास, राहिलेलं रिटर्न, पहाटेचं चालणं, दातांच्या डॉक्टरांकडे जाणं. काम कुठलंही असो, गाऱ्हाणं एकच असतं. काय करायचं ते कळतं, करायची इच्छाही असते, आणि दिवस मावळला तरी ते तसंच पडून असतं. मग माणूस स्वतःलाच आळशी म्हणून मोकळा होतो. अशाच एका गृहस्थांचा अनुभव त्यांच्या परवानगीनं सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय ४५च्या आसपास, साताऱ्यात एका पतसंस्थेत नोकरी. कर्जाची प्रकरणं तपासायचं काम त्यांच्याकडे होतं आणि त्यांच्या टेबलावर फाइल अडून राहत नाही असा लौकिक होता. घरी मात्र वेगळंच. वडील जाऊन तीन वर्षं होत आली तरी खटाव तालुक्यातल्या गावच्या जमिनीला वारस नोंद लागलेली नव्हती. मृत्यूचा दाखला, जुना सातबारा, खाते उतारा, आधारच्या झेरॉक्स असं सगळं एका कापडी पिशवीत घालून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलेलं. दर रविवारी ‘पुढच्या रविवारी नक्की’. २०२५ मध्ये सरकारनं मयत खातेदारांच्या वारसांची नोंद करण्यासाठी ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढली. गावातल्या कितीतरी जणांच्या नोंदी झाल्या, पण यांची पिशवी काही खाली आली नाही. एव्हाना हा ‘उद्या’ घरभर पसरला होता. आईचा मोतीबिंदू पिकत चाललेला, स्वतःची साखर तपासलेली नाही, चालायला जायचे बूट नवे कोरे. शेवटी पत्नीनंच माझ्याकडे यायला लावलं.

येताना त्यांनी वहीत आखलेलं वेळापत्रक आणलं होतं, पहाटे ५ ते रात्री १०. ‘मॅडम, हे पाळता येत नाही. इच्छाशक्तीच नाही माझ्यात.’ वही मी बाजूला ठेवली. जो माणूस कचेरीत वर्षानुवर्षं वेळ पाळतो, त्याला वेळेचं नियोजन शिकवून काय साधणार होतं?

आधी काही गोष्टी पाहून घ्याव्या लागतात. झोप, भूक, कशात रस उरलाय का, सतत उदास वाटतं का, हे मी विचारलं. कारण नैराश्यातही कामं अशीच साचतात, आणि तिथे मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्यायलाच हवी. लहानपणापासून लक्ष टिकत नव्हतं का, हेही विचारलं. तसं काही दिसलं नाही. साखर वाढल्यानंही थकवा येतो, म्हणून ती तपासणी मात्र त्याच आठवड्यात करा असा आग्रह धरला. ती त्यांनी केली, पण पत्नी सोबत गेल्यावरच.

मग त्यांना एक काम दिलं. पिशवी काढावी असं मनात आलं की पुढच्या क्षणी काय होतं, ते दोन ओळींत लिहायचं. काढलीच पाहिजे अशी सक्ती नाही. पुढच्या खेपेला त्यांनी वाचून दाखवलं : ‘छातीत भरून आल्यासारखं झालं. म्हटलं, आज नको. मोबाइल घेतला. बरं वाटलं.’ रविवार बदलत होता, ओळी जवळपास त्याच होत्या.

त्या ‘बरं वाटलं’वर मी त्यांना थांबवलं. फ्युशिया सिरॉय आणि टिमथी पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये चालढकलीची मांडणी नेमकी याच अंगानं केली. त्यांच्या मते माणूस कामापेक्षा त्या कामानं मनात उठणाऱ्या नकोशा भावनेला टाळत असतो, आणि टाळलं की तात्पुरता सुटतो. सुटका लगेच मिळते, भुर्दंड मागाहून पडतो. त्यामुळे टाळण्याचीच सवय दर खेपेला घट्ट होत जाते. माझ्या कामात मला हे इतक्यांदा दिसलं आहे की कुणी ‘मी आळशी आहे’ म्हटलं की मी आधी विचारते, हे काम हातात घेतल्यावर तुम्हाला काय सोसावं लागेल?

त्यांनाही तेच विचारलं. बराच वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, ‘नोंद झाली की सातबाऱ्यावर आण्णांच्या नावाला कंस पडणार.’ ज्यांनी गावाकडे हे पाहिलंय त्यांना कळेल. खातेदार गेला की त्याचं नाव कंसात जातं आणि खाली वारसांची नावं येतात. आण्णांनी त्या रानात विहीर काढली होती, कर्ज फेडायला बैल विकले होते. मुलाच्या हातून त्या नावाला कंस पडायचा होता.

पण एवढंच नव्हतं. थोरली बहीण, आक्का, कोल्हापूरला दिलेली. चुलत्यांनी तेराव्यालाच कानात सांगितलं होतं, ‘आधी तिच्याकडून हक्कसोड लिहून घे, मग नोंदीचं बघ.’ हिंदू वारसा कायद्यातल्या २००५च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीलाही मुलाइतकाच हक्क आहे, हे पतसंस्थेत रोज कागद चाळणाऱ्या माणसाला काय सांगायचं? आक्काकडे हक्कसोड मागायला जीभ उचलत नव्हती आणि चुलत्यांना नाही म्हणायची छाती होत नव्हती. पिशवी वर होती तोवर दोघांपैकी कुणाशीच वाईटपणा येत नव्हता. तीन वर्षांचा आळस तो हाच. यावर वेळापत्रकाचा काय इलाज चालणार?

आम्ही गुंता सोडवायला घेतला. दुःख वेगळं, आक्काशी बोलणं वेगळं, कागद वेगळे. दोन भेटी ते नुसते आण्णांविषयीच बोलले. दिवसकार्याच्या धावपळीत बोलायचं राहूनच गेलं होतं. पुढच्या भेटीत मी चुलते झाले आणि त्यांना एकच वाक्य म्हणायला लावलं : ‘काका, नोंद आईच्या, आक्काच्या आणि माझ्या, तिघांच्या नावानं लागेल.’ आधी आवाज कापला, मग कारणं देत बसले, मग खुलासे. एवढे खुलासे केले की समोरच्याला वाद घालायला जागा मिळते. वाक्य साधं आणि पूर्ण निघेपर्यंत आम्ही ते पुन्हापुन्हा घेतलं.

कागदांसाठी जर-तरची युक्ती वापरली. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये दाखवून दिलं की ‘मी हे करीन’ असं नुसतं ठरवण्यापेक्षा ‘अमुक झालं की तमुक करीन’ असं ठरवलं तर ते हातून होण्याची शक्यता बरीच वाढते. त्यांचं ठरलं, रविवारचा पहिला चहा संपला की पिशवी खाली घ्यायची आणि दहा मिनिटं कागद लावत बसायचं. नंतर उठायची पूर्ण मुभा. ‘दहा मिनिटांत काय होणार, मॅडम?’ असं त्यांनी विचारलंच. म्हटलं, छातीत भरून आलं तरी बसून राहता येतं, एवढं कळलं तरी पुष्कळ.

पहिल्या रविवारी आण्णांची सही दिसली आणि ते रडले. कागद तसेच राहिले. मी ते काम झालेल्यात धरलं. दुसऱ्या रविवारी पाहुणे आले आणि पिशवी निघाली नाही. पुढच्या भेटीला आले ते मान खाली घालून, आणि स्वतःला शिक्षा ठरवूनच : महिनाभर चहा बंद. शिस्त म्हणजे स्वतःवर उगारलेली छडी, ही समजूत आपल्याकडे घराघरांत आहे, आणि तिनं माणसांचं फार नुकसान केलंय असं माझं ठाम मत आहे. मायकेल वोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये विद्यार्थ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या परीक्षेच्या अभ्यासात चालढकल केल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेला कमी चालढकल केली. मला यात नवल वाटत नाही. शिक्षेची लाज त्या कामाला चिकटते आणि पुढच्या वेळी टाळण्यासारखं आणखी काहीतरी होऊन बसतं. चहा चालू राहिला. तसाही सगळा बेत त्याच चहावर बांधलेला होता.

पत्नीलाही एका भेटीला बोलावलं. ‘अहो, ते कागद’ ही रोजची आठवण थोडे दिवस थांबवा, एवढंच मागितलं. त्यांना ते जड गेलं, पण त्यांनी ते केलं.

आक्काला फोन केला तेव्हा ती म्हणाली, ‘मला विकायचं नाही काही. पण आण्णांच्या रानाला माझं नाव लागू दे.’ चुलत्यांना ते पसंत पडलं नाही. अर्ज गेला, नोंद धरली गेली, नोटिशीची मुदत उलटली आणि मंडळ अधिकाऱ्यांनी ती मंजूर केली. तिघांची नावं लागली.

त्यानंतरच आम्ही रोजच्या शिस्तीकडे वळलो. ‘२१ दिवस चाललो की सवय लागते ना?’ असं त्यांनी विचारलं. हा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जननी १९६० मध्ये लिहिलेल्या निरीक्षणातून पसरला. मॉल्ट्झ बोलत होते ते शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या रूपाची सवय व्हायला किमान किती दिवस लागतात याविषयी. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सवय अंगवळणी पडायला मध्यम मानानं ६६ दिवस लागले; कुणाला १८ पुरले, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. मधे एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. ते ऐकून त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला, कारण आजवर एक दिवस चुकला की ते सगळंच सोडून देत आले होते.

पहाटे ५ चा हट्ट आम्ही सोडला. सकाळी दूध आणायला ते जातातच. तेव्हाच बूट घालायचे आणि लांबच्या वाटेनं घरी यायचं. चुकलं तर भरपाई नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा दूध आणि तीच वाट. आता आठवड्यातले चार-पाच दिवस ते चालतात. आईच्या एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, दुसऱ्याची तारीख त्यांनी स्वतः घेतली. चुलते अजून मोजकंच बोलतात. गावच्या जत्रेआधी त्यांच्या घरी जायचं आहे, ते लांबणीवर पडू नये म्हणून पुढच्या भेटीत आम्ही त्याचीच तयारी करणार आहोत.