टोरोंटोत लॉफ्ट घ्यायचाय? आधी एक हिवाळा भाड्याने राहा

तुमचा प्रश्न असा: कॅनडाची पीआर (कायम राहण्याची परवानगी) मिळालीये, मार्चमध्ये टोरोंटोला येताय, पुण्यातला फ्लॅट विकून उघड्या विटांचा, उंच छताचा लॉफ्ट घ्यायचाय आणि सासूबाई वर्षातले सहा महिने तुमच्याकडे असणार. फोटो पाठवलेत ते सुंदर आहेत. मीही असल्याच फोटोंना भुलले होते.

आपल्याकडे लॉफ्ट म्हणजे बाथरूमवरचा माळा, गणपतीचं मखर आणि जुन्या बॅगा ठेवायचा. इथे दोन गोष्टींना लॉफ्ट म्हणतात. हार्ड लॉफ्ट म्हणजे खरोखरचा जुना कारखाना किंवा गोदाम, ज्यात नंतर घरं केली. सॉफ्ट लॉफ्ट म्हणजे नवीनच बांधलेली इमारत. काँक्रीटचं छत आणि पाइप मुद्दाम उघडे ठेवलेले. एकाच इमारतीत दोन्ही सापडतात. लेक शोअरवरच्या टिप टॉप लॉफ्ट्समध्ये खाली १९२९ची शिलाई कंपनीची वास्तू आहे आणि वर नंतर चढवलेले नवे मजले. त्यामुळे नुसतं इमारतीचं नाव पुरत नाही, मजलाही विचारा.

जुन्या गोदामांत घरं करायला जोर आला १९९६ नंतर. महापौर बार्बरा हॉल यांच्या काळात शहराने किंग-स्पॅडायना आणि किंग-पार्लमेंट या औद्योगिक भागांतले वापराचे नियम सैल केले. (आपल्या गिरणगावात चिमण्या उरल्या आणि गिरण्यांच्या जागी टॉवर आले, ते आठवून मला दरवेळी चुटपुट लागते.)

आता राहण्याचं सांगते. पहिली दोन वर्षं मी हार्ड लॉफ्टमध्ये भाड्याने होते. झोपायची जागा वर, मेझनाइनवर, म्हणजे घरातल्याच अर्ध्या मजल्यावर, कठड्यापलीकडे सगळं उघडं. खाली फोडणी दिली की हिंग-मोहरी थेट वर. एकदा सुके बोंबील भाजले, तर चार दिवस उशीचा अभ्रा बोंबलासारखा. ओट्यावरचा पंखा धूर बाहेर टाकतो की गाळून परत घरातच सोडतो, हे आवर्जून विचारा. बऱ्याच ठिकाणी घरातच सोडतो. जानेवारीत गरम हवा वर जाऊन बसायची. खाली पाय गार, वर पांघरूण नको. बाहेरच्या भिंतीच्या विटा आतून उघड्या ठेवल्या की आतल्या बाजूने थंडी अडवणारा थर नसतो. बघायला जाल तेव्हा त्या विटेवर तळहात ठेवून बघा.

आणि आवाज! लाकडी तुळयांच्या जुन्या इमारतीत तुमचं छत म्हणजेच वरच्यांची जमीन असू शकते. वरची बाई कामावरून आली की ठक्, मग दुसरं ठक्. बूट काढले, एवढं मला कळायचं.

सासूबाईंसाठी दार असलेली आणि खिडकी असलेली खोली हवीच. जाहिरातीतला ‘वन प्लस डेन’ म्हणजे बहुतेकदा बिनखिडकीचा कोनाडा. मेझनाइनचा जिना तर त्यांच्या गुडघ्यांना विचारूनच ठरवा.

कागदांपैकी सगळ्यात महत्त्वाचं स्टेटस सर्टिफिकेट, म्हणजे इमारतीच्या कारभाराचा आणि पैशांचा दाखला. मागितल्यावर कॉन्डो कॉर्पोरेशनने (कॉन्डो म्हणजे इथला मालकीचा फ्लॅट, कॉर्पोरेशन म्हणजे त्याची सोसायटी) ते १० दिवसांत द्यायचं असतं आणि जास्तीत जास्त १०० डॉलर घेता येतात. त्यात रिझर्व्ह फंडाची माहिती असते, म्हणजे आपल्या सोसायटीचा सिंकिंग फंड. मी ज्या लॉफ्टवर जीव टाकला होता, त्याचा कागद वकिलाने वाचला आणि म्हणाला, खिडक्या बदलायला आल्यात, फंडात तेवढे पैसे नाहीत. रडतच सोडला. पुढच्या वर्षी तिथल्या प्रत्येक घरमालकाला जादा वर्गणी भरावी लागली. म्हणून ऑफर देताना ‘वकिलाने स्टेटस सर्टिफिकेट तपासल्यावरच’ ही अट घालाच. बिल्डरकडून नवा कॉन्डो घेतला तर ओंटारिओत, म्हणजे टोरोंटोच्या प्रांतात, मन बदलायला १० दिवस मिळतात. जुन्या मालकाकडून घेताना तशी मुभा नाही.

एक गोष्ट तुम्ही हिशेबात धरलेली दिसत नाही. टोरोंटोत लँड ट्रान्सफर टॅक्स, म्हणजे घर विकत घेताना भरायचा कर, दोनदा लागतो, एकदा प्रांताचा, एकदा शहराचा. ७ लाख डॉलरच्या घरावर दोन्ही मिळून २०,९५० डॉलर. पहिल्या घराला यात सूट आहे, प्रांताची ४,००० आणि शहराची ४,४७५ डॉलरपर्यंत. पण पहिलं घर म्हणजे जगात कुठेही पहिलं. पुण्यातला फ्लॅट तुमच्या नावावर होता ना? मग विकलात तरी सूट गेली.

म्हणून पुढच्या मार्चपर्यंत भाड्याने राहा, जमलं तर लॉफ्टमध्येच. नंतर विकत घ्यायचा बघायला जाल तेव्हा दुपारी नको, संध्याकाळी सातला जा, वरचे लोक घरी आलेले असताना. आणि व्हिडिओ कॉलवर सासूबाईंना तो जिना दाखवा.