कारखान्याचे प्रश्न : ३८ लाखांचा रोबो आणि साडेतीन एमएमची पिन

प्रश्न : नमस्कार सर, शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे, चार सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशीन), एक व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचं तसंच मशीन), अकरा माणसं. कास्ट आयर्नचा एक जॉब महिन्याला आठ-नऊ हजार जातो, त्यात २५ एमएमचा एच७ बोर, म्हणजे ठरलेल्या बारीक टॉलरन्सचं आरपार गोल छिद्र, आणि बाजूला ४ एमएमचं तेलाचं भोक. तीन महिन्यांत दोनदा लॉट परत आला, एकदा भोकच पाडलेलं नाही म्हणून आणि एकदा गो गेज (बोर फार बारीक नाही ना हे बघायचा दांडा) जात नाही म्हणून, आमच्या रिपोर्टला मात्र सगळं ओके. आता एकजण रोबो आणि कॅमेरा मिळून सेट ३८ लाखांत बसवून देतो म्हणतोय. घ्यावा का? – एक वाचक, शिरोली

उत्तर : थांबा दादा, ॲडव्हान्स देऊ नका अजून. तुमच्याकडं आजार दोन आहेत आणि औषध एकच विकलं जातंय.

भोकाचं आधी बघू, ते सोपं आहे. भोक ड्रिलवर पडतं आणि फिनिश बोर त्यानंतर व्हीएमसीवर होतो असं धरतो. मग व्हीएमसीवर जॉब धरणाऱ्या फिक्स्चरला बाजूनं ३.५ एमएमची एक पिन बसवा, जॉब आत सरकवला की पिन भोकात गेली पाहिजे, भोक नसेल किंवा आत चिप अडकली असेल तर जॉब बसतच नाही आणि क्लॅम्प पूर्ण बंद होत नाही. क्लॅम्पवर एक प्रॉक्सी सेन्सर (धातू जवळ आला की सिग्नल देणारा) लावा, तो ओके देईपर्यंत सायकल स्टार्ट होणार नाही अशी वायरिंग करून घ्या. टूलरूमवाला तुमच्या शेजारच्या गल्लीतच सापडेल. फक्त एक आहे, पिन झिजते, मोडते, आणि मोडली की कुणाला कळतही नाही कारण मग सगळेच जॉब छान बसायला लागतात! म्हणून बिनभोकाचा एक जॉब लाल रंग मारून मशीनपाशी ठेवा आणि दर शिफ्टच्या सुरुवातीला तो लावून बघा, मशीन अडलं तरच काम चालू.

हे काही माझं डोकं नाही हं. १९६१ मध्ये जपानात यामादा इलेक्ट्रिकच्या कारखान्यात एका छोट्या स्विचखाली दोन स्प्रिंगा घालायच्या असायच्या आणि बायका कधीकधी एक विसरायच्या. कारखान्यांना सल्ला देणाऱ्या शिगेओ शिंगोंनी सांगितलं, आधी दोन्ही स्प्रिंगा एका ताटलीत काढून ठेवा, मग जोडायला घ्या, शेवटी ताटलीत एक उरली तर चूक तिथंच दिसते. आपण पोकायोके पोकायोके म्हणतो, म्हणजे चूक होऊच न देणारी युक्ती, त्याचं हे अगदी सुरुवातीचं उदाहरण.

आता बोर. एच७ म्हणजे २५.००० ते २५.०२१, सगळे मिळून २१ मायक्रॉन (एमएमचा हजारावा भाग म्हणजे मायक्रॉन). तुमचा ऑपरेटर बोर कधी मोजतो? मशीनवरून उतरल्या उतरल्या, बरोबर? जॉब गरम आणि गेज ज्यावर झिरो केलाय ती अचूक मापाची मास्टर रिंग टेबलावर थंड. कास्ट आयर्न मीटरमागे डिग्रीला ११ मायक्रॉनच्या आसपास फुगतं, म्हणजे जॉब रिंगेपेक्षा २० डिग्रीनं गरम असेल तर २५ एमएमचा बोर पाच-साडेपाच मायक्रॉन मोठा दिसतो, तुमच्या टॉलरन्सचा पाव हिस्सा तिथंच गेला. वर बोरिंगचा इन्सर्ट (कापणारी टिकली) झिजत जातो तसा बोर बारीकच होत जातो. दोन्ही गोष्टी एकाच बाजूला ओढतात, म्हणून तुमच्याकडं ओके आणि थंड होऊन गिऱ्हाइकाकडं गेल्यावर गो गेज अडतो.

तर मोजायचा जॉब आणि रिंग दोन्ही एका तापमानाला येऊ द्या, दर दहाव्या जॉबचं रीडिंग कागदावर टिपका मारून लिहा, टिपके खाली सरकायला लागले की मशीनला ऑफसेट द्या, म्हणजे टूल तेवढं सरकवा, २५.००० ची वाट बघू नका. आणि गेजचाही अभ्यास करा, दहा जॉब, तीन माणसं, प्रत्येकानं तीनदा मोजायचं, गेजचा आणि माणसांचा फरक टॉलरन्सच्या १० टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम, ३० च्या वर असेल तर त्या रीडिंगांवर लॉट पास करण्यात अर्थ नाही. पैसे घालायचेच तर एअर गेज (हवेच्या झोतानं बोर मोजणारा) घ्या, हवा कोरडी आणि स्वच्छ लागते तेवढं बघा. समोरून लावलेल्या कॅमेऱ्याला बोरचं तोंड दिसतं, आतला टेपर (निमुळतेपणा) नाही.

कॅमेऱ्यानं मी स्वतः हात पोळून घेतलाय. एका ठिकाणी बसवला, डेमोला झकास, नंतर जॉबवर कुलंटचा थेंब राहिला की चांगलाच जॉब रिजेक्ट. तिसऱ्या दिवशी सेटरनं सेटिंग इतकं ढिलं केलं की बिनचेंफरचेही (कड तिरकी न कापलेले) पास व्हायला लागले, आणि मी महिनाभर खुशीत!

रोबो वाईट नाही, पण तुमची सायकल चार मिनिटांची असेल आणि एक माणूस दोन मशीन सांभाळत असेल तर तो वाचवणार काय? शिवाय कास्टिंगला फ्लॅश (कडेला आलेला जादा धातू) कमीजास्त, ग्रिपर अडखळणार, ट्रेमध्ये जॉब रचायला माणूस लागणारच. पुढं घेतलाच तर तुमचेच २०० जॉब, तेलकट, त्यात गुपचूप २० खराब मिसळून, तुमच्या शेडमध्ये ट्रायल मागा. शेवटचा हप्ता त्यानंतर. आणि पीएलसीचा (रोबो-मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचा) प्रोग्राम नि पासवर्ड तुमच्या ताब्यात हवा, नाहीतर एक टायमर बदलायला पण त्यांचा माणूस येईपर्यंत लाईन बंद.

प्रश्न : आमचे साधे माग आहेत, कापड तपासायला कॅमेरा लावावा का? – इचलकरंजी

उत्तर : मागावर ताण्याचा (उभा) धागा तुटला की माग आपोआप थांबतो का? नसेल तर आधी ते करा, ड्रॉप पिन (धाग्यावर लटकणारी, धागा तुटला की खाली पडून माग थांबवणारी पट्टी) बसवा. जपानच्या साकिची टोयोडांच्या १९२४ च्या मागाला हे जमत होतं. कॅमेरा दोष शोधून देईल, पण तोवर कापड विणून झालेलं असतं. मेंडिंगच्या (कापड तपासून दुरुस्त करायच्या) टेबलावर फोर पॉइंटनं, म्हणजे दोषाच्या लांबीप्रमाणं १ ते ४, मार्क द्यायला लागा, ३ इंचापर्यंतच्या दोषाला १, ९ इंचाच्या वर ४, आणि कुठल्या मागाचे मार्क जास्त ते महिनाभर वहीत लिहा. मग वही घेऊन परत विचारा.